आठला आलेले, नऊला आलेले: गल्लीतल्या एका महागड्या रेस्टॉरंटचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातलं, २०२५ च्या जून ते नोव्हेंबरमधलं. रेस्टॉरंटचं नाव, गल्ली आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. हॉटेलांचं रोजचं कामकाज बघून सल्ला देणं हा माझा व्यवसाय. इथेही त्याच नात्याने गेलो होतो, त्यामुळे पुढच्या चुकांपैकी काही माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता यांच्यामधल्या गल्ल्यांत जुने बंगले आता मोजकेच उरलेत. बरेचसे पुनर्विकासात गेले, काहींचे दवाखाने झाले, काहींची ऑफिसं. अशाच एका बंगल्याच्या तळमजल्यावर आणि पुढच्या अंगणात २०२३ च्या दिवाळीनंतर हे रेस्टॉरंट सुरू झालं. चौदा टेबलं, चोपन्न खुर्च्या. दोघांचं जेवण अडीच-तीन हजारांच्या घरात. परमिट रूम नाही. गल्ली राहती, शेजार वयस्कर, आणि मालकीणबाईंना स्वतःलाच ते नको होतं.

परमिट रूम नसणं ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. ग्लास समोर असला की जेवण अर्धा तास उशिरा आलं तरी टेबल आपल्या गप्पांत असतं. इथे समोर असते सोलकढी, आणि सोलकढी पाच मिनिटांत संपते. त्यानंतरचा प्रत्येक मिनिट माणूस मोजतो.

मालकीणबाईंना सगळा स्टाफ मॅडम म्हणतो, मीही इथे तेच म्हणतो. त्या जाहिरात क्षेत्रातून आलेल्या. चवीची जाण पक्की, हिशेबाचीही. शेफ कोल्हापूरकडचे, तिशीतले, गोव्यात आणि मुंबईत मोठ्या हॉटेलांत हात घडलेला. बाहेरची बाजू कॅप्टनकडे. वय पन्नाशीचं, बावीस वर्षं हॉटेल लायनीत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

मेन्यू एका पानाचा. साहित्य आपलं, मांडणी युरोपीय. शेवग्याच्या शेंगांचं सूप, भरल्या वांग्याचा टार्ट, आमसुलाच्या बटरमधली सुरमई, आणि ज्याचे फोटो पुणेभर फिरले तो आंबेमोहोराचा रिसोटो, म्हणजे इटालियन पद्धतीचा ओलसर भात, वर मेतकूट आणि तळलेला कढीपत्ता.

पैशाचं गणित थोडक्यात सांगतो, कारण पुढचे निर्णय त्याच्याशी बांधलेले आहेत. अशा स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्या बदल्यात खरेदीवर आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी सरळ खर्चात जमा होतो. दारूची विक्री नाही, म्हणजे जिथे नफा सर्वांत जाड असतो ती बाजूच नाही. सोमवार ते गुरुवार निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सगळा गाडा शुक्रवार आणि शनिवारच्या रात्रीवर चालायचा, आणि त्या दोन रात्री आलेल्या कुणालाही ‘नाही’ म्हणायची मॅडमची छाती होत नव्हती.

अडचण

मला बोलावलं तेव्हा मॅडमनी दोन गोष्टी पुढ्यात ठेवल्या. एक, गूगलवरचं रेटिंग, चारच्या जरासं खाली. दुसरी, बिलासोबत टेबलावर ठेवतात ती अभिप्रायाची वही. रेटिंगमधून काही कळेना, कारण तीन तारे देणारं जवळपास कुणीच नव्हतं. माणसं एकतर पाच देत होती, नाहीतर एक किंवा दोन. वहीतही तसंच. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘आंबेमोहोर असाही लागू शकतो हे पासष्टाव्या वर्षी कळलं.’ दोनच पानं पुढे, त्याच आठवड्यात, आठ जणांच्या कुटुंबातल्या एका बाईंनी त्याच पदार्थाबद्दल लिहिलेलं: ‘साडेपाचशे रुपयांत खिमट. आमच्याकडे आजाऱ्याला देतात.’

बाकीच्या तक्रारी चार-पाच प्रकारांत बसत होत्या. जेवण उशिरा आलं. आत इतका गलका की समोरच्याचं ऐकू येत नाही. सुरमई पाणचट लागली. बिलात सर्व्हिस चार्ज न विचारता लावला. आणि एक जरा बोचरी: ‘शेजारच्या टेबलावर मालकांच्या ओळखीचे होते. त्यांना एकेक पदार्थ कौतुकाने चाखायला येत होता. आम्ही पाण्यासाठी तिसऱ्यांदा हात वर केला होता.’

या सगळ्याचं कारण काय, यावर घरात एकमत नव्हतं. शेफ म्हणाले, ‘लोकांना रिसोटो माहीत नाही, त्यांना पुलाव पाहिजे असतो.’ मॅडम म्हणाल्या, ‘शेफचा मूड असला की चव असते, नसला की नाही.’ मॅडमच्या यजमानांचं म्हणणं, रीलवाल्या दोन-तीन पोरांना बोलवा, रेटिंग आपोआप वर जाईल. अण्णा कोपऱ्यात उभे होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘साहेब, शनिवारी या. नऊला.’

या वाक्याचं मोल मला तेव्हा कळलं नाही. मी आधी दोन आठवडे कागद बघत बसलो.

पहिला निर्णय: शेफ बदलायचा का

मॅडमनी मनातून हा निर्णय जवळपास घेतलेला होता. मुंबईतल्या एका शेफशी बोलणीही चालू होती. त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. एकच पदार्थ एकाला सुंदर आणि दुसऱ्याला वाईट लागत असेल, तर करणाऱ्याच्या हातात सातत्य नाही, असं कुणीही म्हणेल.

मी थांबायला सांगितलं, पण त्यामागे काही थोर अंतर्ज्ञान नव्हतं. शेफ बदलणं महाग पडतं. तो जाताना आपली दोन-तीन पोरं घेऊन जातो, आणि नव्याला मेन्यू बसवायला तीन महिने लागतात. तेवढ्यात पावसाळा निघून जाणार आणि गणपती येणार. म्हणून महिनाभर मागून घेतला.

काय मोजलं

केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, वेळ छापलेली असते. बिलावरही असते. दोन्ही जुळवल्या की टेबल किती वेळ बसलं ते कळतं, पण जेवण कधी पोचलं ते कळत नाही. म्हणून जूनमधले शेवटचे दोन शनिवार मी पासपाशी, म्हणजे किचनमधून थाळ्या बाहेर येतात त्या खिडकीपाशी, वही घेऊन उभा राहिलो. कुठला पदार्थ कधी तयार झाला आणि कधी उचलला गेला, दोन्ही वेळा लिहिल्या.

पहिल्या शनिवारी ८:३५ ते ९:०५ या अर्ध्या तासात अडतीस माणसं बसली. चोपन्नपैकी अडतीस. आरक्षण घेणारी मुलगी प्रत्येकाला ‘साडेआठ चालेल?’ विचारत होती आणि प्रत्येकाला चालत होतं. सव्वानऊला किचनमध्ये अकरा केओटी एकाच वेळी टांगलेल्या. दोघांच्या टेबलांना मुख्य जेवण वीस-पंचवीस मिनिटांत मिळत होतं. सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलांना पन्नास ते पासष्ट.

मग रिसोटोचं कोडं सुटलं. भात आधी सत्तर टक्के शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवलेला असतो. ऑर्डर आली की पाणी-लोणी घालून चार-पाच मिनिटांत पुरा करतात. वांग्याच्या टार्टला ओव्हनमध्ये चौदा मिनिटं लागतात. आठ जणांच्या टेबलाची चिठ्ठी आली की रिसोटोवरचा मुलगा आपला पदार्थ लगेच करून पासवर ठेवायचा आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळायचा. मग तो रिसोटो बाकीच्या सात थाळ्यांची वाट बघत, पासवर जेवण गरम ठेवायला लावलेल्या दिव्याखाली बसायचा. एक तर मी अकरा मिनिटं बसलेला पाहिला.

इटालियन आर्बोरिओ तांदूळ असता तर कदाचित इतकं बिघडलं नसतं. त्या दाण्याचा गाभा कडक राहतो. आंबेमोहोर आपला मऊ स्वभावाचा. बारका दाणा, सुवास भरपूर, आणि ओलावा मिळाला की मोडतो. म्हणूनच आपण तो मऊ भातासाठी आणि पेजेसाठी वापरत आलो. दोघांच्या टेबलावर तो दुसऱ्या मिनिटाला पोचत होता आणि काव्य होत होतं. आठांच्या टेबलावर अकराव्या मिनिटाला पोचत होता आणि खिमट होत होतं. वहीतल्या बाई खरं बोलल्या होत्या, आणि पासष्टीचे गृहस्थही. हात एकच, मूडही एकच.

वहीतल्या तारखा आणि बिलांच्या वेळा जुळवल्यावर बाकीचंही उघड झालं. कौतुकाचे बहुतेक अभिप्राय आठच्या आधी बसलेल्यांचे, लहान टेबलांचे किंवा आठवड्यातल्या दिवसांचे होते. तक्रारी पावणेनऊनंतर बसलेल्या मोठ्या टेबलांच्या, म्हणजे वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, परदेशातून आलेली मुलगी. सर्वांत जास्त बिल भरणारी आणि सर्वांत जास्त अपेक्षा घेऊन आलेली माणसं नेमकी सर्वांत वाईट वेळेला येत होती.

सुरमईचं कारण वेगळं आणि सरळ होतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत किचनमध्ये गोठवलेली सुरमई येत होती. ती वितळताना पाणी सोडते, तव्यावर खमंग कड धरत नाही, उकडल्यासारखी होते. मेन्यूवर मात्र बारा महिने तेच वर्णन आणि तीच किंमत. पुण्यात मासे खाणारा माणूस हे पहिल्या घासाला ओळखतो. कोकणातून आलेला तर थाळी बघूनच.

समोरचे पर्याय

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे बसलो: मॅडम, शेफ, अण्णा, मी. टेबलावर चार गोष्टी होत्या.

रीलवाल्यांना बोलावण्याचा पर्याय पाच मिनिटांत निकाली निघाला. अण्णांनीच निकाली काढला. ‘मॅडम, शनिवारी अजून माणसं बोलावून करायचं काय?’

दुसरा पर्याय रिसोटो काढून टाकण्याचा किंवा आर्बोरिओवर करण्याचा. शेफ तयार नव्हते, आणि मलाही पटत नव्हतं. लोक गल्ली शोधत येत होते ते आंबेमोहोरासाठी. आर्बोरिओचा रिसोटो कोरेगाव पार्कात दहा ठिकाणी मिळतो.

तिसरा, किचन वाढवायचं. आणखी एक ओव्हन, आणखी एक माणूस. जागा नव्हती. बंगल्याचं जुनं स्वयंपाकघर आणि कोठीची खोली पाडून केलेलं ते किचन, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं कुंपण.

चौथा, माणसं टप्प्याटप्प्याने बसवायची. सव्वासात, पावणेआठ, सव्वाआठ, पावणेनऊ, सव्वानऊ. एका टप्प्यात चौदापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत. कागदावर सर्वांत स्वस्त आणि मनाला सर्वांत महाग असा हा पर्याय, कारण यात शनिवारी साडेआठला फोन करणाऱ्याला नाही म्हणावं लागणार होतं. मॅडमनी विचारलं, ‘पुण्यात सव्वासातला जेवायला कोण येतं हो?’ मी म्हटलं, तुमच्याच गल्लीतले लोक. माझ्या बोलण्यात तेव्हा जेवढा आत्मविश्वास होता तेवढा मनात नव्हता.

काय केलं

टप्पे जुलैच्या मध्यापासून सुरू झाले. त्याच्याबरोबर एक बदल आला, जो माझ्या मते टप्प्यांइतकाच महत्त्वाचा होता: शुक्रवार-शनिवार शेफने शेगडी सोडून पासवर उभं राहायचं. चिठ्ठ्या त्यांनी वाचायच्या, ओव्हनला आधी हाक द्यायची, सुरमईला मग आणि भाताला सर्वांत शेवटी. हे काम इतके दिवस कुणाकडेच नव्हतं, कारण शेफ स्वतः तव्यावर असायचे. त्यांना हे जड गेलं. ‘मी कुक आहे, ट्रॅफिक हवालदार नाही,’ असं ते पहिल्या रात्री म्हणाले. तव्यावर त्यांच्या हाताखालच्या मुलाला उभं केलं. पहिल्या रात्री त्याच्या हातून दोन पदार्थ करपले. तिसऱ्या आठवड्यात तो शेफपेक्षा नीटनेटकी थाळी मांडू लागला, हे शेफनीच कबूल केलं.

मोठ्या टेबलांसाठी रिसोटोची युक्ती त्याच मुलाने सुचवली. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर रिसोटो बाकीच्या जेवणासोबत न देता आधी, लहान वाडग्यांतून, सगळ्यांना एकदम द्यायचा. शेफ म्हणाले, रिसोटो म्हणजे स्टार्टर नव्हे. त्यावर पोरगा शांतपणे म्हणाला, ‘पण शेफ, इटलीत तर तो आधीच वाढतात ना, मटण-मासे मागून?’ बरोबर होतं ते. आपण सगळं एका ताटात जेवणारे, म्हणून आपल्याला सगळं एकदम टेबलावर हवं असतं. त्या अपेक्षेमुळेच भात दिव्याखाली बसत होता.

सुरमई मेन्यूवरून काढली. २५ जुलैला श्रावण लागत होता, तोवर मागणीही उतरणारच होती. तिच्या जागी भरलेली कंटोळी आली. अण्णांना सांगितलं, कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, बंदी चालू आहे, ताजी मिळत नाही, गणपतीनंतर परत येईल. हे उत्तर ऐकून दोन-तीन टेबलांवर लोक खूश झाले, असं अण्णा म्हणाले. मासा नाही म्हणून खूश होणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच ऐकलं.

आवाजाचं काम वरवरचं दिसलं तरी वयस्कर मंडळींसाठी ते फार महत्त्वाचं ठरलं. उंच छत, शहाबादी फरशी, उघड्या लाकडी खुर्च्या. आवाजाला मुरायला कुठे जागाच नव्हती. टेबलांच्या खालच्या बाजूला जाड फेल्ट चिकटवलं, खुर्च्यांवर गाद्या घातल्या, आणि मॅडमनी साताऱ्याकडून आणलेल्या जुन्या गोधड्या लाकडी चौकटीत ताणून तीन भिंतींवर लावल्या. लोकांना ती सजावट वाटते. अंगणातली चार टेबलं रात्री दहानंतर बंद केली. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि अंगणात आठ माणसं हसली की ती कधीच ओलांडलेली असते. शेजारच्या आजोबांनी तोवर तक्रार केली नव्हती. करणार होते, असं नंतर कळलं.

ओळखीच्यांचे लाड बंद करा, असं मॅडमना सांगणं सर्वांत अवघड होतं. शेवटी तोडगा निघाला. मॅडमच्या पाहुण्यांचं कौतुक थाळीतून करायचं नाही, वाटल्यास बिलात करायचं. आणि ‘आमच्याकडून’ म्हणून काही द्यायचा अधिकार अण्णांकडे. ज्या टेबलाला पंचवीस मिनिटांत मुख्य जेवण मिळालं नाही, तिथे न मागता शेवग्याच्या सुपाचे छोटे पेले न्यायचे आणि किती वेळ लागेल ते खरं सांगायचं. ‘दोनच मिनिटं’ हे शब्द वापरायला बंदी.

सर्व्हिस चार्ज

हा भाग वेगळा सांगतो, कारण इथे आम्ही चुकलो.

बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागत होता. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असा आपोआप चार्ज लावायला मनाई केली होती. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. मॅडमना हे माहीत होतं. त्यांनी स्टाफला सांगून ठेवलं होतं, कुणी हरकत घेतली तर काढून टाका. परिणाम असा, की भांडणारा ८०० रुपये वाचवायचा आणि भिडस्त माणूस भरायचा. तासभर ताटकळलेल्या टेबलाच्या बिलावर ‘सेवा’ या नावाने आठशे रुपये बघून जो संताप व्हायचा, तो वहीत उतरलेला होताच.

पर्याय तीन होते: विचारून लावायचा, काढून टाकायचा आणि टिपवर सोडायचं, किंवा काढून मेन्यूच्या किमती थोड्या वाढवायच्या आणि स्टाफला ठरावीक भत्ता द्यायचा. आम्ही तिसरा निवडला. निवड मला आजही योग्य वाटते, पण क्रम चुकला. १ ऑगस्टला नवे मेन्यू छापून आले आणि बिलातली ओळ गेली. भत्त्याचा आकडा ठरला २० ऑगस्टला. मधले तीन आठवडे वेटर मुलांनी एवढंच पाहिलं की महिन्याला हातात येणारे तीन-साडेतीन हजार गेले. मॅडमचा शब्द होता, पण शब्द मॅडमनी मला दिला होता, मुलांना नव्हे. गणपतीच्या ऐन गर्दीत दोन चांगले वेटर बाणेरच्या एका हॉटेलात गेले. अण्णांनी नंतर सांगितलं, ‘मुलं मला विचारत होती. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं, मी काय बोलणार?’

निकाल

पहिले तीन शनिवार सव्वासातचा टप्पा जवळपास रिकामा गेला. एका रात्रीत सत्तरच्या आसपास माणसं जेवत होती, ती साठावर आली. चौथ्या आठवड्यात मॅडमनी मला फोन करून सांगितलं, आता बास, साडेआठ परत उघडते. मी आणखी दोन शनिवार मागितले. मॅडमनी दिले, पण नाखुशीने, आणि त्यांच्या आवाजात ते ऐकू येत होतं.

सव्वासात भरायला लागलं ते आमच्या हुशारीने नाही. बालगंधर्वला साडेनऊचा प्रयोग असलेल्या एका शनिवारी दोन जोडपी लवकर जेवून नाटकाला गेली. जाताना म्हणाली, हे बरं आहे, एरवी प्रयोगाआधी वडापाव खावा लागतो. अण्णांनी ते पकडलं. पुढच्या आठवड्यापासून आरक्षण घेणारी मुलगी फोनवर विचारू लागली, ‘नाटकाला जाणार आहात का?’ त्यात गल्लीतली ज्येष्ठ मंडळी मिसळली. त्यांना रात्री साडेआठपर्यंत जेवण आटोपलेलं हवंच असतं, आणि गलक्याआधीची ती शांत वेळ त्यांना आवडली. ऑक्टोबरअखेर शनिवारचा आकडा पुन्हा अडुसष्टच्या आसपास आला.

नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा एका शनिवारी पासवर उभा राहिलो. मोठ्या टेबलांना मुख्य जेवण तीस ते चाळीस मिनिटांत मिळत होतं. मला वाटलं होतं त्याहून हे जास्तच, पण पासवर तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलेला रिसोटो दिसला नाही. वहीत उशिराच्या तक्रारी तुरळक झाल्या. महाग आहे, पोर्शन लहान आहे, हे लोक लिहितात, लिहीत राहतील. सोमवार ते गुरुवारच्या रिकाम्या खुर्च्यांवर काहीही परिणाम झाला नाही. मॅडमच्या मैत्रिणींचा दर शनिवारी नऊला येणारा एक गट टप्प्यांच्या नियमामुळे दुखावला आणि यायचा बंद झाला. मॅडम अजून तो विषय काढतात.

वेगळं काय करता आलं असतं

अण्णांनी पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं. मी ते ऐकून दोन आठवडे बिलं चाळत बसलो, कारण आकड्यांशिवाय मॅडमना पटणार नाही, असं मी धरून चाललो होतो. ते कदाचित खरंही होतं. पण मला स्वतःला पटायला आकडे लागले नसते, तर मी पहिल्याच शनिवारी पासवर उभा राहिलो असतो आणि जूनच्या अखेरीऐवजी मध्यातच कामाला लागलो असतो.

टप्पे शुक्रवार-शनिवार एकदम लावायला नको होते. आधी फक्त मोठ्या टेबलांना नियम लावून बघता आलं असतं: सहापेक्षा जास्त माणसं असतील तर सव्वाआठच्या आधी किंवा सव्वानऊनंतर. गोंधळाचं मूळ तीच टेबलं होती, दोघांच्या टेबलांना उगाच शिस्त लावली. मैत्रिणींचा गट चौघींचा होता, हे इथे नमूद करतो.

मी फक्त शनिवार मोजले. मंगळवारी संध्याकाळी नऊ माणसं असताना काय अनुभव येतो, रिकाम्या खोलीत जेवताना कसं वाटतं, वेटर आपसांत किती मोठ्याने बोलतात, हे मी एकदाही पाहिलं नाही. आठवड्यातल्या दिवसांबद्दल माझ्याकडे आजही सांगण्यासारखं काही नाही, आणि मॅडमना खरी मदत तिथे हवी आहे.

आणि वहीत खिमट लिहिणाऱ्या त्या बाई. त्यांचं आरक्षण रजिस्टरमध्ये होतं, मोबाइल नंबरासकट. त्यांच्या दोन ओळींवरून आम्ही सहा महिने काम केलं, मीटिंगमध्ये त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की किचनमधली मुलं रिसोटो रेंगाळला की आपसांत ‘खिमट, खिमट’ ओरडू लागली. त्यांना फोन करून ‘तुम्ही बरोबर होतात, पुन्हा या’ असं कुणी सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या त्या शनिवारी निघताना मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, ‘नंबर आहे साहेब. करायचा राहिला.’